ऑर्डर फोनवर आली. पण लिहून कोणी ठेवली?

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. सकाळी महाविद्यालयात असतो आणि दुपारनंतर मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील घरच्या कारखान्यात अब्बांना मदत करतो. वर्गात आम्हांला उद्योजकता हा विषय आहे. त्यात भांडवल, बाजारपेठ, जाहिरात, तंत्रज्ञान असे बरेच काही शिकविले जाते. परंतु खऱ्या व्यापाराचा एक धडा आम्हांला कारखान्यातच मिळाला, आणि तोही नुकसान सोसून. आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून तो येथे मांडत आहोत.

परराज्यातील एका गायिकेने तंबोऱ्याची ऑर्डर दिली. बोलणे सगळे मोबाइलवर झाले. त्यांनी आवाजी संदेश पाठविला, अब्बांनी तो कामाच्या गडबडीत ऐकला आणि आवाजी संदेशानेच होकार कळविला. आगाऊ रक्कम त्याच दिवशी बँकेत जमा झाली. दोन महिन्यांनी तंबोरा तयार झाला आणि खोक्यात बंद होऊन रवाना झाला. आठवड्याने त्यांचा फोन आला की, तंबोरा लागत नाही. त्यांचे म्हणणे, आपण ‘पांढरी चार’ सांगितली होती. अब्बांचे म्हणणे, ‘काळी चार’ सांगितली होती. जाणकारांना सांगायला नको की, हा फरक लहान नाही. काळी चारच्या मापाने बनविलेल्या तंबोऱ्याच्या तारा पांढरी चारवर उतरविल्या की सैल पडतात, जवारी बोलत नाही आणि वाद्य मुके होते.

खरे कोणाचे, हे पाहण्यासाठी संदेश शोधला, तर तो नव्हताच. मोबाइलची जागा भरली म्हणून आम्हीच जुने आवाजी संदेश पुसून टाकले होते. त्या बाईंनीही तो जपून ठेवला नव्हता. तंबोरा परत आला, तो येताना भोपळ्याला तडा घेऊन आला. अब्बांनी आगाऊ घेतलेली सर्व रक्कम परत केली. कारागिरांची मजुरी त्यापूर्वीच देऊन झाली होती. चूक त्यांची की आमची, हे आजही आम्हांला सांगता येत नाही. पैसा गेला त्याचे दुःख आहेच. परंतु दोन प्रामाणिक माणसे एकमेकांना मनातून खोटे समजून दूर झाली, याचे दुःख त्याहून अधिक आहे.

दादाजींची पोस्टकार्डे

या प्रकारानंतर आम्ही कारखान्याच्या माळ्यावरील जुने सामान काढले. तेथे एका लोखंडी तारेत ओवलेली दादाजींच्या काळातील पोस्टकार्डे सापडली. प्रत्येक कार्डावर गिऱ्हाइकाच्या हस्ताक्षरात पट्टी, तारा, नक्षी, पाठविण्याचे ठिकाण आणि कधीपर्यंत हवे ते लिहिलेले. काही कार्डांच्या कोपऱ्यात दादाजींनी पेन्सिलीने आगाऊ रकमेची नोंद केलेली. दादाजींचे शिक्षण फार झाले नव्हते. त्यांनी कोणता करारनामाही केला नव्हता. परंतु त्या काळी दूरच्या गिऱ्हाइकाला बोलायचे म्हणजे लिहावेच लागे, आणि लिहिलेले आपोआप उरत असे.

आज आपल्या हातात दादाजींनी कल्पनाही केली नसेल असे यंत्र आहे. परंतु दूरच्या माणसाशी नुसते बोलून व्यवहार करण्याची सोय झाल्यामुळे लिहिण्याची जुनी शिस्त मात्र मोडली. साधन पुढे गेले आणि व्यवहार मागे आला. पूर्वी तोंडी सौदा शेजारच्या ओळखीच्या माणसाशी होत असे; चार लोक साक्षीला असत आणि उद्या पुन्हा तोंड पाहायचे असे. आज तोंडी सौदा हजार मैलांवरील अनोळखी माणसाशी होतो. साक्षीदार कोणी नाही, आणि संदेश एका बोटाने पुसता येतो. 2020 पासून तर ठराविक मुदतीनंतर आपोआप नाहीसे होणाऱ्या संदेशांची सोयही व्हॉट्सअॅपवर आली आहे. घरगुती गप्पांना ती ठीक असेल. व्यापाराला ती घातक आहे.

मोबाइलला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. मिरजेचा वाद्यधंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब आणि त्यांच्या आप्तांनी उभा केला. म्हणजे आमच्या धंद्याचा जन्मच एक काम संपत आले तेव्हा दुसरे शिकण्यातून झाला. पुढे 1979 मध्ये बंगळूरच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. नंतर मोबाइलमध्येच तंबोरा वाजू लागला. रोजच्या रियाजाला भोपळ्याचा तंबोरा घेणारे काही गिऱ्हाईक त्यामुळे निश्चितच कमी झाले. परंतु त्याच मोबाइलने आज परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही मिरजेच्या कारखान्याचे दार दाखविले आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ते मिळाल्यावर बाहेरचा माणूस गावाचे नाव शोधत येणारच. प्रश्न इतकाच की, तो आला म्हणजे आपण त्याच्याशी व्यवहार कसा करणार?

दीनची शिकवण विसरलो

आश्चर्य याचे वाटते की, या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरातच आहे. पवित्र कुरआनमधील सर्वांत मोठी आयत नमाजविषयी नाही, हजविषयी नाही. ती देण्याघेण्याची नोंद करण्याविषयी आहे. सूरह अल-बकराची 282 वी आयत पाहावी. मुदतीचा व्यवहार केला तर तो लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार ठेवावेत, आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. हातोहात होणाऱ्या रोखीच्या व्यवहारात न लिहिण्याची सवलतही तेथेच दिली आहे. यावरून उघड होते की, उधार, आगाऊ आणि मुदत या तिन्हींचा संबंध आला की लेखणी हवी.

ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. आपण गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम घेतली की देणे आपल्यावर आले. तेव्हा काय बनवून देणार, कोणत्या मापाचे, कोणत्या तारखेला, हे आपण स्वतः लिहून गिऱ्हाइकाला पाठविले पाहिजे. ‘हो, समजले’ एवढे उत्तर पुरेसे नाही. आमच्या अब्बांनी त्या दिवशी ‘पट्टी काळी चार’ एवढे तीन शब्द उलट लिहून पाठविले असते, तर त्या बाईंनी पाच मिनिटांत चूक दुरुस्त केली असती.

प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले तेव्हा तेथील लोक खजुरांसाठी वर्ष-दोन वर्षे आधी पैसे देत असत. त्यांनी तो व्यवहार बंद केला नाही. माप ठरलेले असावे, वजन ठरलेले असावे आणि मुदत ठरलेली असावी, अशी अट घातली. यालाच फिक्हमध्ये ‘सलम’ म्हणतात. कारागिराकडून वस्तू बनवून घेण्याच्या व्यवहाराला हनफी फिक्हमध्ये ‘इस्तिस्ना’ असे नाव आहे. तेथेही वस्तूचे वर्णन स्पष्ट असणे आवश्यक मानले आहे. बारीकसारीक मसले आपापल्या आलिमांना विचारावेत. आम्हांला एवढेच सांगायचे आहे की, सुतार, शिंपी, चप्पल बनविणारा, तंबोरा बनविणारा या सर्वांच्या ऑर्डरीचा विचार आपल्या फकीहांनी शेकडो वर्षांपूर्वी केलेला आहे. आपण मात्र तो मदरशाच्या ग्रंथात ठेवून दिला.

फोटोतला माल आणि पेटीतला माल

दुसरी गोष्ट फोटोची. आज गिऱ्हाईक माल पाहत नाही, फोटो पाहते. आम्हीही कारखान्यातील वाद्यांचे फोटो काढतो. चांगल्या उजेडात, बरोबर कोन साधून काढलेल्या फोटोत भोपळ्यावरचा डाग दिसत नाही. तबकडीवरील बुजविलेली भेग दिसत नाही. आवाजाचे तर विचारूच नका. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्जाची तार खऱ्या गुंजनासह ऐकू येतच नाही. पन्नास वर्षे मुरलेल्या कारागिराने लावलेली जवारी आणि शिकाऊ मुलाने लावलेली जवारी ही दोन्ही त्यात जवळपास सारखीच वाटतात. कापड विकणाऱ्या मित्रांची तक्रारही अशीच आहे. पडद्यावर दिसणारा रंग आणि प्रत्यक्ष थानाचा रंग जुळत नाही.

येथे धान्याच्या ढिगाची हदीस आठवावी. बाजारातून जाताना प्रेषितांनी (स.) एका ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ते वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी त्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. आजचा फोटो म्हणजे ढिगाचा वरचा थर आहे. आतला ओला भाग दाखवायचा असेल तर त्याचा वेगळा फोटो काढून पाठवावा लागतो. तो पाठविण्याची सक्ती कोणी करत नाही, म्हणूनच त्यात इमानाची परीक्षा आहे. शिवाय न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर नापसंत करण्याचा हक्क खरेदीदाराला हनफी फिक्हने दिलेला आहे. माल परत घेण्याची पद्धत मोठ्या ऑनलाइन कंपन्यांनी शोधून काढली असे आमच्या वर्गमित्रांना वाटते. ती त्यांच्या फार पूर्वीची आहे.

कायदा काय म्हणतो?

लिहिलेला संदेश केवळ मनाच्या समाधानासाठी नाही. कायद्यातही त्याला किंमत आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मध्ये झाला आणि त्याने इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता दिली. केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अमान्य ठरत नाही, ही तरतूद 2008 च्या दुरुस्तीने त्यात आली. मात्र न्यायालयात मोबाइलमधील नोंदीची प्रत दाखल करायची तर कायद्याने ठरविलेले प्रमाणपत्र सोबत जोडावे लागते. आपल्या जालन्यातील अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हीच गोष्ट ठामपणे सांगितली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही प्रमाणपत्राची तरतूद आहे. म्हणून महत्त्वाचे संदेश पुसू नयेत, जुना मोबाइल विकण्यापूर्वी ते दुसरीकडे उतरवून घ्यावेत आणि मोठी ऑर्डर कागदावरही घ्यावी.

उधारीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. साधारणपणे उधारीचा दावा 3 वर्षांच्या आत करावा लागतो. त्या मुदतीत देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर मुदत तेथून नव्याने मोजली जाते. नुसत्या ‘देतो, देतो’ने ती वाढत नाही.

मोठ्या शहरातील दुकानदार छोट्या कारखानदाराचा माल उचलतात आणि सहा-सहा महिने पैसे देत नाहीत, ही तक्रार आपल्याकडे घरोघर आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत दिले पाहिजेत. न दिल्यास सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती 2020 पासून सुरू आहे आणि तिला सरकारी शुल्क नाही. माल देण्यापूर्वीच ती करून ठेवावी. उशिराबद्दल हा कायदा जबर व्याजही लावतो. व्याजाचे काय करावे हे आलिमांना विचारावे. पण आपल्या घामाचे मुद्दल मागणे यात संकोच कसला? मात्र तेथेही पहिला प्रश्न हाच येतो की, माल कधी दिला, किती दिला आणि कागद कुठे आहे?

मुलाचा फोन, धंद्याचा नंबर

विद्यार्थी या नात्याने आम्हांला आमच्याच पिढीविषयीही काही सांगावेसे वाटते. गल्लीतील पुष्कळ दुकानांचे ऑनलाइन व्यवहार मुलांच्या मोबाइलवर चालतात. गिऱ्हाइकांचे क्रमांक मुलाकडे, पासवर्ड मुलाकडे, आलेली चौकशी मुलाच्या खिशात. परीक्षा आली की उत्तरे थांबतात. मुलगा पुण्याला नोकरीला गेला की निम्मे गिऱ्हाईक त्याच्याबरोबर जाते आणि वडिलांना त्याचा पत्ताही लागत नाही. धंद्याचा क्रमांक धंद्याच्या नावाने वेगळा असावा आणि तो मोबाइल दुकानातच राहावा. रात्री दुकान बंद करताना दिवसभराच्या ऑर्डरी वहीत उतरवून घ्याव्यात.

पैशांच्या बाबतीत तर दोन नियम लहानांपासून थोरांपर्यंत सर्वांनी पाठ करावेत. यूपीआय 2016 मध्ये आले आणि चहाच्या टपरीपर्यंत पोहोचले. त्याबरोबर ठकही पोहोचले. पैसे भरल्याचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्यात जमा झाल्याचे पाहिल्याखेरीज माल हलवू नये. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. जो टाकायला सांगतो तो चोर समजावा. फसवणूक झालीच तर लाजून घरी न बसता ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवावे.

आमच्याकडे आता काय चालते?

तंबोरा परत आल्यानंतर आमच्या बहिणीने एक वही घातली. तीही वाणिज्य शाखेतच शिकते आणि तिचे अक्षर आमच्यापेक्षा चांगले आहे. ऑर्डर आवाजी असो वा समक्ष, ती वहीत लिहिली जाते: गिऱ्हाइकाचे नाव, वाद्य, पट्टी, तारांची संख्या, डाव्या हाताचे की उजव्या, नक्षी, एकूण किंमत, आगाऊ रक्कम, तयार होण्याची तारीख, पाठविण्याचा खर्च कोणाचा आणि वाटेत तुटले तर जबाबदारी कोणाची. त्या पानाचा फोटो गिऱ्हाइकाला जातो. तेथून ‘मान्य’ असा लेखी शब्द आल्याशिवाय कारागीर भोपळ्याला हात लावत नाही. खोके बंद करण्यापूर्वी वाद्याचे चारही बाजूंनी फोटो काढले जातात, डाग असेल तर डागासकट. शिंप्याने पट्टीच्या जागी माप लिहावे, फर्निचरवाल्याने लाकडाची जात लिहावी. बाकी पान तेच राहील.

सुरुवातीला चाचांना हे पटले नाही. ‘आमची जबान हाच आमचा कागद. लिहून मागितले तर गिऱ्हाइकाला वाटेल, आपला त्याच्यावर भरवसा नाही,’ असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. आपल्या बाजारपेठा याच जबानीवर उभ्या राहिल्या. परंतु जबान आणि स्मरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अब्बांची जबान त्या दिवशीही सच्ची होती, त्या बाईंचीही असेल. दोघांपैकी एकाचे स्मरण किंवा कान चुकला, एवढेच. लिहिणे हा माणसाच्या इमानावरील संशय नाही. माणूस विसरतो, या सत्याची ती कबुली आहे. त्याच आयतीत एका साक्षीदाराला विसर पडला तर दुसऱ्याने आठवण द्यावी असे सांगितले आहे. ज्याने माणसाला घडविले त्याला माणसाचा विसराळूपणा ठाऊक नसेल काय?

आता चाचाच पान वाचून पाहिल्याशिवाय लाकूड काढू देत नाहीत. आणि गिऱ्हाइकांचे म्हणाल, तर पान पाहून कोणी रागावल्याचे आम्हांला अद्याप आढळले नाही. उलट, हा कारखाना हिशेबाचा आहे असे समजून एक-दोघांनी आपल्या ओळखीची माणसे पाठविली.

आपला समाज शिक्षणात मागे आहे, भांडवलात मागे आहे, अशी खंत आपण सभांमधून नेहमी ऐकतो. ती खोटी नाही. परंतु एक वही, एक पेन आणि घरातील शिकलेला मुलगा किंवा मुलगी यांना भांडवल लागत नाही. ज्यांच्या घरी मुले शिकत आहेत त्या वडीलधाऱ्यांना आमची नम्र विनंती आहे की, त्यांच्याकडून केवळ फोटो टाकून घेऊ नका. आजची ऑर्डर लिहून घ्या. आणि आमच्या वयाच्या मित्रांना सांगणे की, मोबाइलची जागा भरली तर गाणी पुसा, चित्रे पुसा, गिऱ्हाइकाचा शब्द पुसू नका. तो आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे.

तडा गेलेला तो तंबोरा आजही कारखान्याच्या भिंतीला टेकून आहे. भोपळा बदलला तर तो विकला जाईल. अब्बा म्हणतात, राहू दे. वही लिहायचा कंटाळा आला की त्याच्याकडे पाहत जा.